दात घासायची काळी पूड

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या बाथरूममधलं बेसिन घासायला सफाईच्या मावशींनी नकार दिला, म्हणून मला वर बोलावलं गेलं. मी ठाकुर्लीच्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. त्या वर्षी शाळेचं तंबाखूमुक्तीचं काम माझ्याकडे होतं. ते कुणालाच नको होतं, म्हणून विज्ञानाची बाई या नात्याने माझ्या गळ्यात पडलेलं. मावशी दाराबाहेरच थांबल्या. मुलांच्या बाजूला काय काय काढायला लागतं त्याची मला सवय आहे, पण हे मुलींचं आहे, तुम्हीच बघा, असं म्हणाल्या आणि झाडू भिंतीला टेकवून खाली निघून गेल्या.

मी बघितलं. बेसिनच्या जाळीभोवती काळपट तपकिरी थुंकी साचून वाळली होती. वाळलेल्या थरावर ओला थर, त्यावर फेस. नळामागच्या पांढऱ्या टाईलवर कुणीतरी बोट पुसत होतं, रोज त्याच जागी, आणि तिथे बोटभर रुंदीचा काळा पट्टा तयार झाला होता. मला उमासा आला. ओढणी नाकाला लावून मी बाहेर आले आणि व्हरांड्यात उभी राहून चार-पाच मोठे श्वास घेतले.

थुंकीची मला पहिल्यापासून शिसारी आहे. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या जिन्यात प्रत्येक वळणावर देवांच्या टाईल्स लावल्यात, सगळ्या धर्मांच्या. त्यांच्या बरोबर कडेकडेने लाल पिचकाऱ्या असतात. देव चुकवून थुंकण्यात लोक तरबेज झालेत. रिक्षावाला चालत्या रिक्षातून मान बाहेर काढायला लागला की मी मागच्या सीटवर आत सरकते. आमच्या स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना काही विचारलं तर ते आधी खिडकीपाशी जातात, खाली पिंक टाकतात आणि मग उत्तर देतात. त्यांच्या खिडकीखालची भिंत मी एवढ्या वर्षांत एकदाही नीट बघितलेली नाही. पण हे सगळे बाप्ये. मुलींच्या बाथरूमात असं काही मी पहिल्यांदाच बघत होते.

मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, मेंदी असेल, नाहीतर केसांचा रंग. आठ दिवसांवर शपथेचा कार्यक्रम आला होता आणि त्यांना त्या वेळी नवीन काही ऐकायचं नव्हतं. शाळेला ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा बोर्ड लावायचा होता. त्यासाठी एक फॉर्म होता, निकष होते, प्रत्येक निकषाला एक फोटो अपलोड करायचा होता. गेटपासून ठरावीक अंतरावर पिवळी रेघ मारायची होती. ती आम्ही मारली. रेघेच्या आत एक टपरी होती. तिच्या मालकाने फोटोपुरतं शटर खाली ओढलं, फोटो झाल्यावर वर केलं.

कार्यक्रमाला संस्थेचे एक पदाधिकारी पाहुणे म्हणून आले. स्टेजच्या मागे मी त्यांना हार आणि नारळ कधी द्यायचा ते समजावत होते आणि ते नुसती मान हलवत होते, कारण तोंड भरलेलं होतं. नाव पुकारल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं. सातवीच्या मुलांनी पर्यावरण दिनाला लावलेली शेवंतीची कुंडी बाजूला होती. त्या कुंडीत ते वाकून थुंकले, रुमालाने ओठ टिपले आणि स्टेजवर जाऊन व्यसनाने देशाची तरुण पिढी कशी पोखरली जाते यावर वीस मिनिटं बोलले. मी त्या कुंडीशेजारी उभी होते. टाळ्या मीही वाजवल्या.

शपथ द्यायला मी नववीतली एक मुलगी निवडली होती. तिचा आवाज खणखणीत होता आणि उच्चार स्वच्छ. बारीक, सावळी, दोन घट्ट वेण्या, कायम पहिल्या बाकावर. ‘मी आजपासून तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू यांना स्पर्श करणार नाही, आणि माझ्या घरच्यांनाही करू देणार नाही,’ असं तिने एकेक तुकडा करून म्हटलं आणि मैदानातली सगळी पोरं तिच्यामागून म्हणत गेली. पाहुण्यांनीही हात पुढे करून शपथ घेतली. फोटो छान आले.

याच मुलीबद्दल मला काही दिवसांपासून काळजी वाटत होती. तिसऱ्या तासाला ती डोकं बाकावर टेकवायची. विचारलं तर म्हणायची, गरगरतंय. मला वाटलं रक्त कमी असेल, डबा आणत नसेल. मग हात वर करून बाथरूमला जायची आणि पाच मिनिटांत परत येऊन एकदम ताजीतवानी बसायची. हे रोज व्हायला लागलं, तेव्हा एके दिवशी मी वर्गाला धडा वाचायला लावून तिच्यामागून वर गेले.

ती बेसिनपाशी पाठमोरी उभी होती. डाव्या हाताच्या तळव्यावर काळी पूड होती आणि उजव्या हाताची तर्जनी तोंडात, हिरडीवरून इकडून तिकडे फिरत होती. डोळे मिटलेले होते. आरशात मी दिसल्यावर तिने डोळे उघडले. बोट तसंच तोंडात राहिलं. ओठांच्या कडांना काळं लागलं होतं आणि हनुवटीवर एक तपकिरी ओघळ उतरला होता. वर्गातली माझी सगळ्यात नीटनेटकी मुलगी, आणि मला तिच्याकडे बघवेना. मी दुसरीकडे तोंड केलं. ते तिच्या लक्षात आलं, हे आज आठवलं तरी मला लाज वाटते.

“तंबाखू?” मी विचारलं.

तिने घाईघाईने चूळ भरली. “नाही बाई. मशेरी आहे. दात घासायची.”

तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात आणि चुरतात, ती ही मशेरी. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. आई भाजायची तेव्हा तीच पानं मोडून द्यायची. पण तंबाखू म्हणजे पुरुष तळव्यावर मळतात ती, पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं ती. ही घरात साखरेच्या डब्याशेजारी असायची. सात वर्षांची असताना दाढ दुखायला लागली, तेव्हा आईने चिमूटभर लावून दिली आणि दुखणं थांबलं. मग सकाळी लावायला लागली, मग शाळेतून आल्यावर, मग जेवल्यावर. गेल्या वर्षापासून मधल्या सुट्टीपर्यंत धीर निघत नव्हता, म्हणून कंपासपेटीत एक छोटी डबी असायची.

मी तिला म्हटलं, अगं, पण तू तर शपथ दिलीस सगळ्या शाळेला. ती गोंधळली. “बाई, मी खोटं नाही बोलले,” ती म्हणाली. “त्यात मशेरी नव्हती लिहिलेली.”

शपथ मी लिहिली होती.

मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. पालकांना बोलवा आणि दाखला देऊन मोकळे व्हा, तपासणीच्या आधी हे शाळेत नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, आधी मला तिच्या घरी जाऊन येऊ द्या. ते म्हणाले, जा, पण शाळेच्या वतीने म्हणून जाऊ नका.

ती आधी ठाकुर्लीतच एका चाळीत राहायची. चाळ पाडायला काढल्यावर भाडं परवडेना म्हणून कुटुंब दिव्याला गेलं होतं. आई ठाकुर्लीतल्या चार घरी स्वयंपाक करायची, ती कामं तिने सोडली नव्हती, म्हणून मुलीची शाळाही सुटली नव्हती. दोघी सकाळी बरोबर निघायच्या. एका रविवारी मी दिव्याला गेले. इमारती इतक्या जवळजवळ की खालच्या बोळात दुपारीही दिवा लागलेला. जिन्यात पाण्याने भरलेले कॅन ओळीने ठेवलेले, दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. आणि त्या कॅनच्या मागच्या भिंतीवर कमरेपर्यंत लालकाळे डाग. मी कुठेही हात न टेकवता चार मजले चढले.

घर आत मात्र लख्ख होतं. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याला ताजी फुलं, ओट्यावर घासून पालथी घातलेली भांडी. आई पस्तिशीची असेल. तिने मला चटई घातली, पाणी दिलं, चहा टाकला. धाकटी सहा-सात वर्षांची मुलगी दाराआडून बघत होती. मोठी मुलगी खाली मान घालून कोपऱ्यात बसली होती. मी शक्य तितक्या हळू आवाजात सगळं सांगितलं. आईला राग आला, पण वेगळ्याच गोष्टीचा. शाळेला आपल्या घराविषयी काय वाटतंय, याचा.

ती म्हणाली, आम्ही रोज पंचशील म्हणतो, या घरात दारूचा थेंब आलेला नाही, नवरा सुपारीसुद्धा खात नाही, लग्नाआधीच मी तेवढं बघून घेतलं होतं. माझी मुलगी नशा करते असं तुम्ही माझ्या घरात बसून म्हणताय. मी म्हटलं, नशा म्हणजे दारूच असं नाही, मशेरीत तंबाखूच असते. ती म्हणाली, ते दात घासायला आहे. माझी आई लावायची, सासू लावायची, आमच्यात सगळ्या बायका लावतात, कुणाला काय झालं नाही. बोलताना तिचा खालचा ओठ आतून थोडा फुगलेला दिसत होता. तेव्हाही तिथे चिमूट होती. त्याच तोंडाने ती माझ्याशी बोलत होती आणि त्याच हातांनी तिने माझा चहा केला होता. मी कप उचलला आणि नुसता ओठांना लावून खाली ठेवला.

तिने ते बघितलं. मग विचारलं, “तुमच्याकडं कुणीच लावत नाही का बाई?”

मी म्हटलं, नाही.

हे धादांत खोटं होतं. माझी आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती, वडील गेल्यापासून माझ्याकडे डोंबिवलीला राहत होती, आणि सकाळी उठल्यावर बाल्कनीत स्टूल टाकून अर्धा तास मशेरी लावत बसायची. कोकणातल्या आमच्या घरात ती चुलीवर भाजायची आणि भाजायचं काम माझ्याकडे असायचं. मला ते आवडायचं. पानं तव्यावर आक्रसायची, निळसर धूर निघायचा, डोकं हलकं व्हायचं. मला ते हलकं होणं आवडायचं हे मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही. पुढे शिकले, लग्न झालं, आणि त्या सगळ्याची मला किळस यायला लागली. आईसाठी मी वेगळा मग ठेवला, वेगळं टमरेल ठेवलं. तिने बेसिनमध्ये चूळ टाकली की मी मागून गरम पाणी आणि फिनेल ओतायची. नातवाला पापी द्यायला ती पुढे झाली की मी त्याला काहीतरी कारण काढून हाक मारायची. आणि दर महिन्याला तिच्यासाठी मशेरीचं पाकीट मीच आणायची. शाळेजवळच्या टपरीवर मुलं बघतील म्हणून तिथे घेत नसे. ठाकुर्ली स्टेशनसमोर एक किराणा दुकान होतं, तिथून वर्तमानपत्रात गुंडाळून घ्यायची.

दिव्याच्या त्या खोलीतून मी निघताना मुलीच्या आईने एवढंच कबूल केलं की मुलीला एकदा डॉक्टरला दाखवायला हरकत नाही, पण तिला कामाची सुट्टी मिळणार नाही. म्हणून मी घेऊन जायचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी कल्याणहून ठाण्याच्या एसटीत बसलो. तिने चांगले कपडे घातले होते आणि कंपासपेटी आणली नव्हती. अर्ध्या वाटेत तिचे हात अस्वस्थ व्हायला लागले. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. वेळ जावा म्हणून मी तिला समजावत बसले. असल्या गोष्टींचा मोह कसा टाळावा, घरात असलं तरी आपण कसं लांब राहावं. ती शहाण्यासारखी ऐकत होती. मग खिडकीबाहेर बघत साध्या आवाजात म्हणाली, “बाई, आम्हीपण त्याच दुकानातून घेतो. स्टेशनसमोरच्या. मी तुम्हाला दोनदा बघितलंय.”

ती पुढे म्हणाली, “मला वाटलं, बाई घेतात म्हणजे चालत असेल.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. बस चालत राहिली. त्या कुंडीत थुंकणाऱ्या माणसाचा मी आठवडाभर घरी, स्टाफरूममध्ये, जो भेटेल त्याच्यापाशी उद्धार केला होता. तो निदान उघड्यावर थुंकला होता. मी मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून नेत होते. थोड्या वेळाने मी तिला खरं सांगितलं. ती माझ्या आईसाठी असते, आणि तुझ्या घरी मी खोटं बोलले, आमच्याकडेही लावतात. ती म्हणाली, मग तुमच्या आईला पण आणायचं ना डॉक्टरकडे. मला हे सुचलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी आईच्या चुळीवर फिनेल ओतलं होतं, पण तिला तोंड उघडायला कधी सांगितलं नव्हतं.

सरकारी रुग्णालयात दातांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मुलीचा खालचा ओठ बाहेर ओढला, दिवा वळवला आणि मला जवळ बोलावलं. आतली गुलाबी त्वचा एका जागी पांढरट आणि सुरकुतलेली झाली होती, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखी. हिरडी खाली सरकून दोन दातांची मुळं दिसत होती. पंधरा वर्षांच्या मुलीचं तोंड. डॉक्टरांनी आरसा तिच्या हातात दिला आणि तिला स्वतःला बघायला लावलं. आता पूर्ण सोडलीस तर हा डाग बहुतेक जाईल, लावत राहिलीस तर पुढचं मी आज सांगत बसत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मुलीने आरसा बराच वेळ धरून ठेवला. ओठ सोडून दिल्यावर ती मला म्हणाली, “घाण दिसतंय ना?” या वेळी मी तोंड फिरवलं नाही. हो, घाण दिसतंय, म्हटलं.

सोडणं तिला फार जड गेलं. पहिले दोन आठवडे डोकं ठणकायचं, वर्गात ती मैत्रिणींवर खेकसायची, एकदा प्रयोगशाळेत परीक्षानळी फोडून रडत बसली. सगळ्यात मोठी अडचण तिने मला जिन्यात गाठून खाली बघत सांगितली, की मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. हे ती आईला सांगू शकत नव्हती, कारण आई म्हणणार, मग लाव. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनी सकाळी गरम पाणी आणि पपई घ्यायला सांगितलं, आणि तीन आठवड्यांत हे सुरळीत होईल असा दिलासा दिला. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसायला लागली. मी तिला बडीशेप द्यायची. एकदा ती दोन दिवस आलीच नाही आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, बाई, काल लावली. मी बडीशेपेची डबी पुढे केली.

तिच्यामुळे मला एक साधी गोष्ट कळली होती. आम्ही मुलांना इतकी वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होतो. तंबाखू खाता का, असं विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात नाही म्हणायचा. मी नववीच्या दोन्ही वर्गांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि फळ्यावर लिहिलं, तुम्ही दात कशाने घासता? नाव घालायचं नाही. घरी सगळ्या चिठ्ठ्यांचा ढीग घेऊन बसले. पेस्ट, लाल दंतमंजन, मीठ, कोळसा. आणि मधूनमधून, मुलींच्या टपोऱ्या अक्षरात, मशेरी. दात दुखला तर मशेरी. आजीची थोडी. पाळीत पोट दुखतं तेव्हा काकी देते. एकीने लिहिलं होतं, मला आवडत नाही पण न लावता अभ्यास होत नाही.

मी चिठ्ठ्या घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी चार-पाच वाचल्या, चष्मा काढला.

“मॅडम, हे तुम्ही विचारलंत कशाला?”

फॉर्ममध्ये एक ओळ होती, की शाळेत तंबाखूजन्य पदार्थ वापरणारा एकही विद्यार्थी आढळलेला नाही. खाली समन्वयक म्हणून माझी सही हवी होती. मी म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, मग पहिला दाखला कुणाचा काढायचा ते मला सांगा. शेवटी सौदा झाला. त्या मुलीला किंवा कुठल्याही मुलीला हात लावायचा नाही, मला दर शनिवारी एक तास मुलींसाठी मिळेल, पालकसभेत मशेरीवर मी बोलेन, आणि मी सही करीन. मी सही केली. महिन्याभरात बोर्ड आला. निळा, पांढऱ्या अक्षरांचा, गेटच्या वर. त्याच्या उद्घाटनाचा पेढा मी कागदात बांधून घेतला आणि रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकला.

शनिवारचा तास मात्र खरा झाला. पहिल्यांदा सहाच मुली थांबल्या. मी त्यांना फुफ्फुसांची चित्रं दाखवली नाहीत. माझ्या आईचं सांगितलं, मी भाजायची ते सांगितलं, धुराने डोकं हलकं व्हायचं तेही सांगितलं. मग त्या बोलायला लागल्या. पालकसभेत बायका हसल्या, काही उठून गेल्या. एक जण म्हणाली, बाईंना घरी काम नाही का. पण सभा संपल्यावर दोघी-तिघी मागे थांबल्या आणि ठाण्याच्या त्या डॉक्टरांची वेळ विचारून गेल्या.

घरी मी आईला स्पष्ट सांगितलं की यापुढे मी मशेरी आणणार नाही आणि तिचं तोंड दाखवायला न्यायचं आहे. ती माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी बाल्कनीत पुन्हा स्टूल आलं. शेजारच्या बाईंकडून तिने पाकीट मागवलं होतं. मी भांडले. ती शांतपणे म्हणाली, तुला माझी किळस येते ते मला ठाऊक आहे. वेगळा मग मला दिसत नाही का? पण इतकी वर्षं तूच आणून देत होतीस. आता मला सुधारायला निघालीस ती माझ्यासाठी की तुझ्या शाळेसाठी?

दुसऱ्या दिवशी मी वेगळा मग टाकून दिला. डॉक्टरकडे ती आली, तोंड उघडलं, सुदैवाने वाईट काही निघालं नाही. मशेरी तिने सोडली नाही. मी आणत नाही, ती मागवते. सकाळी तिच्या खाकरण्याचा आवाज आला की मी अजून स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडते. फिनेल मात्र मी तिच्या देखत ओतत नाही.

मुलगी दहावी पास झाली आणि ठाण्याच्या कॉलेजात सायन्सला गेली. तिच्या ओठातला डाग तिसऱ्या तपासणीला जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्याआधी, दहावीच्या सुट्टीत, एके दिवशी शाळेच्या ऑफिसात कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय असा निरोप आला. जाऊन बघते तर तिची आई. कामावरून तशीच आली होती, पदराने गाल झाकून. मुलगी बरी आहे ना, मी विचारलं. ती म्हणाली, ती बरी आहे. मग पदर बाजूला करून तिने बोटाने खालचा ओठ दाखवला. चार महिन्यांपासून तिखट खाता येत नाही, खाल्लं की आग होते, मुलगी रोज पाठीमागे लागते. धाकटीला मोठीने मशेरीला हात लावू दिला नाही, डबी फळीवर टाकली, घरात आता ब्रश आहेत.

“बाई, मला पण दाखवायचंय,” ती म्हणाली. “पण पोरीला सांगू नका आत्ता.”

आम्ही दोघी ठाण्याला गेलो. ओठाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला जितके दिवस लागले, तितके दिवस तिने चारही घरची कामं केली आणि कुणाला काही कळू दिलं नाही. रिपोर्ट कॅन्सरचा नव्हता, पण त्या वाटेवरचा होता. आता बंद, डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसून तिने कमरेची पिशवी काढली, त्यातली पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, तुम्हीच टाका, माझ्याच्याने होणार नाही. पुडी ओलसर होती, तिच्या घामाने. मी ती मुठीत धरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले. हात धुतले, दोनदा धुतले, आणि आम्ही एसटी स्टँडवर येऊन एकेक चहा घेतला. मुलीला तिने नंतर स्वतःच सांगितलं. तिची मशेरी अजून पूर्ण सुटलेली नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी होतं, असं ती सांगते आणि मुलगी मागून मान हलवून नाही म्हणते. दर तीन महिन्यांनी ती ठाण्याला जाते, आता माझ्याशिवाय.